काका ३१ मेला निवृत्त होताहेत. त्यांना ठाऊक असलेलं ग्रंथालय लिहून कसं घ्यावं?

रॅक_क्रमांक_सात (विषय सुरू केला)

नमस्कार मंडळी,

विदर्भातल्या एका विद्यापीठाच्या विधी ग्रंथालयात मी सहायक ग्रंथपाल आहे. इथं येऊन पावणेदोन वर्षं झाली. आमचे ग्रंथालय परिचर, ज्यांना विद्यार्थ्यांपासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे काकाच म्हणतात, येत्या ३१ मेला साठ पूर्ण करून निवृत्त होताहेत. १९९१ साली रोजंदारीवर लागले, पुढे कायम झाले. किती ग्रंथपाल आले आणि बदलून गेले, काका तिथंच. माझ्याकडे जेमतेम सात आठवडे उरलेत, म्हणून इथं विचारते आहे.

आधी एक प्रसंग सांगते. फेब्रुवारीत तिसऱ्या वर्षाची एक मुलगी काउंटरवर चिठ्ठी घेऊन आली: एआयआर १९३९ पीसी ४७. एआयआर म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, न्यायालयांचे निवाडे छापणारी मालिका. काउंटरला आमचा नवा कंत्राटी सहकारी होता. हुशार मुलगा, एम.लिब. झालेला, पण कायद्याच्या ग्रंथालयात पहिल्यांदाच आलेला. पीसी म्हणजे पीनल कोड असं समजून तो तिला फौजदारीच्या रॅककडे घेऊन गेला. अर्ध्या तासानं दोघंही माझ्यासमोर उभे. पीसी म्हणजे प्रिव्ही कौन्सिल, ब्रिटिश काळातलं लंडनचं अखेरचं अपील न्यायालय, एवढं मला माहीत होतं, पण पुढं मीही अडले. ज्यांनी जुने एआयआर हाताळले नसतील त्यांच्यासाठी सांगते: त्या काळी एकाच वर्षाच्या एआयआरमध्ये प्रत्येक न्यायालयाचे पृष्ठक्रमांक वेगळे असत. मुंबई एकपासून, कलकत्ता एकपासून. लाहोर, रंगून, सिंध, पेशावर, औध, आपलं नागपूर, सगळे आपापल्या एकपासून. म्हणजे '१९३९, पान ४७' एवढ्यानं भागत नाही, त्या न्यायालयाचा भाग हाती लागला पाहिजे. आणि आमच्या ओपॅकवर, म्हणजे संगणकावरच्या ग्रंथसूचीत, १९३९ टाकलं की एकसारख्या नोंदींची रांग येते: ऑल इंडिया रिपोर्टर १९३९, ऑल इंडिया रिपोर्टर १९३९. कुठल्या खंडात कुठलं न्यायालय, ते नोंदीत नाहीच. मी एकेक खंडाचा कणा वाचत गेले. प्रिव्ही कौन्सिल कुठंच नाही.

तेवढ्यात काका आले. चिठ्ठी पाहिली. "पीसी त फेडरल कोर्टात बांधेल आहे ना मॅडम." दोन्ही भाग पातळ, म्हणून बाइंडरनं एकत्र शिवले आणि कण्यावर सोनेरी अक्षरांत फक्त 'फेडरल कोर्ट' टाकलं. काकांनी वाकून खालच्या फळीवरून खंड ओढला, दोन्ही हातांनी पाठ सांभाळत पान ४७ उघडलं आणि मुलीसमोर ठेवलं. "ट्रंकवाली केस. पुरीच्या स्टेशनावर पेटीत प्रेत भेटलं होतं, ते." पाकला नारायण स्वामीचा निवाडा. मृत्युपूर्व जबाब आणि कबुलीजबाब शिकवताना आजही याच्याशिवाय पुढं जाता येत नाही. काका दहावीपर्यंत शिकलेत. त्यांनी तो निवाडा वाचलेला नाही. तीस-चौतीस वर्षं जे जे मागायला आले त्यांच्या तोंडून ऐकलाय. त्या गठ्ठ्याच्या बाइंडिंगच्या वेळी खंड मोजून घेणारेही तेच होते.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. आमच्याकडे एक हिरवं लोखंडी कपाट आहे, त्यावर खडूनं 'एम.पी.' लिहिलंय. दोन-तीन वर्षांपूर्वी, मी येण्याआधी, नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, भेटीसाठी जागा करायची म्हणून ते अख्खं कपाट निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून काढून टाकायच्या पुस्तकांच्या, यादीत गेलं होतं. शेरा होता: 'परराज्याचे जुने कायदे, उपयोग नाही.' काका तेव्हाच्या साहेबांकडे गेले आणि म्हणाले, हे परराज्य नाही, हे आपलंच आहे. खरंच आहे ते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विदर्भ मध्यप्रदेशात होता, राजधानी नागपूर. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची, ती लागू झाली १५ ऑगस्ट १९६७ला. तोवर इथल्या जमिनीला मध्यप्रदेशची १९५४ची संहिता होती. कुळकायदासुद्धा आपला वेगळा, विदर्भ प्रदेशासाठीचा १९५८चा. आजही शेताच्या जुन्या वादात वकील मंडळी त्याच कपाटाशी येतात. काका नसते तर ते रद्दीत गेलं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

मी काय केलं ते सांगते. जानेवारीत एक जाड बांधीव वही आणून काकांना दिली. म्हटलं, काका, जे जे आठवेल ते लिहून ठेवा. महिन्यानं पाहिलं तर पहिल्या पानावर 'श्री' आणि खाली तारीख. बाकी कोरी. मी काही बोलले नाही, पण त्यांच्याच चेहऱ्यावर ओशाळलेपण आलं. म्हणाले, "काय लिहू मॅडम? विचारलं त सांगतो." ते मला लागलं. आपण एका माणसाला उगाच परीक्षेला बसवलं असं वाटलं.

आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात एखादी कामाची गोष्ट आली तरी सुप्रभात आणि वाढदिवसांच्या खाली दुसऱ्या दिवशी सापडत नाही. 'आता सगळं ऑनलाइन आहे, कशाला त्रास घेता' असंही मला सांगून झालंय. निवाडे ऑनलाइन आहेत हे खरं. पण आमचे खंड कुठं आहेत, कुठल्या खंडात काय शिवलंय, एम.पी.चं कपाट कशासाठी आहे, हे कुठल्याही डेटाबेसमध्ये नाही.

तुमच्याकडे असं कुणी निवृत्त झालं तेव्हा तुम्ही काय केलंत? काय जमलं, काय फसलं, दोन्ही सांगा.


जुना_ग्रंथपाल

ताई, तुमची वही चांगली आहे, फक्त चुकीच्या जागी ठेवलीत. ती काकांच्या हातातून काढून काउंटरवर ठेवा.

मी पुण्यात ३४ वर्षं विधी ग्रंथालयात काढली. आम्ही तिला प्रश्नवही म्हणायचो. कुणीही काही विचारलं आणि ते कपाटातून सरळ हाताला लागलं नाही, की नोंद. तारीख. विचारणारा कोण, म्हणजे विद्यार्थी, प्राध्यापक की वकील, नाव नको. प्रश्न त्याच्याच शब्दांत, आपण सुधारून नाही. कुठं सापडलं. कुणी सांगितलं. आणि शेवटचा रकाना: कुठं कुठं शोधलं आणि नव्हतं. तो शेवटचा रकाना लिहायला सगळे कंटाळतात, पण नव्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ तोच वाचवतो. तुमच्या पीसीच्या प्रसंगात तुम्ही पाहिलेले सगळे चुकीचे खंड तिथं लिहिले गेले असते.

प्रश्न त्याच्याच शब्दांत का, ते सांगतो. लोक आमच्याकडे सायटेशन, म्हणजे निवाड्याचा खंड आणि पान, घेऊन क्वचित येतात, गोष्ट घेऊन येतात. 'ती नौदलाच्या अधिकाऱ्याची केस', 'आणीबाणीतली हेबियस कॉर्पस', 'अज्ञान मुलानं घर गहाण टाकलं ती'. म्हणून आम्ही एक कार्डांचा खण वेगळा ठेवला होता, लोकांच्या तोंडच्या नावांनी. नानावटी: एआयआर १९६२ एससी (सर्वोच्च न्यायालय) ६०५. हेबियस कॉर्पस: एआयआर १९७६ एससी १२०७. अज्ञान मुलगा, गहाण: मोहोरीबीबी, आयएलआर (इंडियन लॉ रिपोर्ट्स) ३० कलकत्ता ५३९. तुमच्या काकांची 'ट्रंकवाली' हे त्या खणातलं पहिलं कार्ड होईल.

अजून एक, हे मला प्रश्नवहीनंच शिकवलं. २०१२-१३च्या सुमाराला एकच तक्रार पुन्हा पुन्हा वहीत यायला लागली: 'महाराष्ट्र पोलीस अधिनियम सापडत नाही.' सापडणार कसा? २०१२मध्ये आपल्या राज्याच्या कितीतरी कायद्यांच्या नावातलं 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आलं. मुंबई पोलीस अधिनियम १९५१, मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कुळकायदा १९४८, सगळ्यांची. आमच्या पुस्तकांच्या पाठीवर मात्र 'बॉम्बे'च. प्रत्येक कर्मचाऱ्याला हे आपापल्या परीनं कळलं होतं आणि प्रत्येक जण गुपचूप आपल्यापुरतं निभावत होता. वहीत एकाखाली एक ओळी दिसल्या तेव्हा आम्ही एका दुपारी बसून सगळ्या पुस्तकांना नव्या नावाच्या चिठ्ठ्या लावल्या आणि कॅटलॉगमध्ये दोन्ही नावं टाकली.

सात आठवडे पुष्कळ आहेत. रोज चार प्रश्न धरा.


मांडवीकाठ

मी गोव्याहून. आमचं फसलेलं सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल.

आमच्याकडे पोर्तुगीज वाचू शकणारे एक ज्येष्ठ सहकारी होते. गोव्यात याचं मोल काय ते वेगळं सांगायला नको. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता इथं विवाह आणि पती-पत्नीच्या मालमत्तेच्या बाबतीत आजही चालते. वारसाहक्काचा भाग २०१२च्या गोव्याच्या कायद्यानं नव्यानं आणला, पण जुन्या वाटण्या, जुने दस्त समजून घ्यायचे तर संहितेकडे आणि जुन्या 'बोलेतिं ऑफिसियाल'कडे, म्हणजे पोर्तुगीज राजपत्राकडे, जावंच लागतं. ते सहकारी मथळा वाचायचे आणि दोन वाक्यांत सांगायचे की हे कशाबद्दल आहे.

ते निवृत्त व्हायच्या आधी आम्ही त्यांना बसवून मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड केलं. अकरा तास. फार प्रेमानं बोलले. आज त्या अकरा तासांचं कुणीही काही ऐकत नाही. कारण काउंटरवर वकील उभा असताना कुठल्या तासात काय आहे ते कोण शोधणार? मी स्वतः दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. त्यांचा आवाज ऐकून वाईटच जास्त वाटलं.

तेव्हा रेकॉर्डिंग करायचंच असेल तर बसवून नको. काकांबरोबर रॅकमधून चाला. एक कपाट, एक क्लिप, तीन मिनिटांच्या आत. फाइलला नाव कपाटाच्या क्रमांकाचं द्या, दुसरं काही नको. आणि त्यांच्या हाताचा फोटो घ्या, कुठला खंड ओढतात त्याचा. एम.पी.च्या कपाटापासून सुरुवात करा, एआयआर नंतर. एआयआर जगात दुसरीकडे मिळेल, ते कपाट मिळणार नाही.


अकरा_महिने

मी थोडं कडू लिहिणार आहे, मनापासून लिहितोय म्हणून समजून घ्या.

मी कंत्राटी आहे. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग कामात खंड, मग पुन्हा. १ जुलै २०२४ला नवे तीन फौजदारी कायदे लागू झाले तेव्हा पहिल्या आठवड्यात काउंटरवर नुसती झुंबड. जुनं कलम सांगायचे आणि नवं विचारायचे. मी तीन रात्री घरी बसून तक्ता केला. आयपीसीचं, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं, ३०२ म्हणजे भारतीय न्याय संहितेचं १०३. ४२० म्हणजे ३१८चं चौथं पोटकलम. एफआयआरचं १५४ म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेत १७३. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं ६५-ब म्हणजे साक्ष्य अधिनियमात ६३. मुलं ३७७ कुठं गेलं विचारायची, तर त्याला समांतर कलमच नाही, म्हणून त्या रकान्यात मी लाल शाईनं 'नाही' लिहिलं, म्हणजे कुणी छपाईत राहून गेलं असं समजू नये. तळाशी एक ओळ टाकली: गुन्हा १ जुलै २०२४च्या आधीचा असेल तर जुनीच संहिता, म्हणून आयपीसीची पुस्तकं काढू नका.

तो तक्ता पुढं छापून सगळ्या विभागांत वाटला गेला. खाली नाव दुसऱ्याचं होतं. मी काही बोललो नाही. पण त्यानंतर मी काही केलं तर ते माझ्या पेनड्राइव्हमध्ये राहतं, हे खरं आहे आणि मला त्याचं बरं वाटत नाही.

ताई, 'माहिती वाटून घ्या' असं परिपत्रक काढून होत नाही. माणूस देतो, पण दिलं ते त्याचं होतं एवढं तरी कुठं दिसू द्या. जुन्या ग्रंथपालांच्या वहीतला 'कुणी सांगितलं' हा रकाना कधीही गाळू नका. आणि तुमच्या त्या कंत्राटी मुलालाच काकांबरोबर रॅकमध्ये पाठवा. पीसीचा प्रसंग त्याच्या मनात घर करून बसला असणार, मी शपथेवर सांगतो.


मार्क_९५२

तांत्रिक बाजू थोडक्यात. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर प्रत्येक प्रतीच्या नोंदीत, म्हणजे ९५२मध्ये, दोन शेऱ्यांच्या जागा आहेत. झेड हा वाचकाला ओपॅकवर दिसतो, एक्स फक्त कर्मचाऱ्यांना. 'यात प्रिव्ही कौन्सिलही शिवलेलं आहे' हे झेडमध्ये. 'हे कपाट निर्लेखनात घेऊ नये, कारण अमुक' हे एक्समध्ये. वही हरवते, माणूस बदलतो, शेरा त्या प्रतीला चिकटून राहतो. रोजच्या प्रश्नवहीतल्या नोंदी शनिवारी दुपारी कोहात चढवा. रोज चढवायला गेलात तर चौथ्या दिवशी बंद पडेल.


रॅक_क्रमांक_सात

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत लिहितेय.

काकांची कोरी वही त्यांना विचारूनच काउंटरवर आणली. पहिल्या पानावरचं त्यांचं 'श्री' तसंच ठेवलं आणि त्याखाली रकाने आखले. 'कुणी सांगितलं' हा रकाना मुद्दाम मोठा ठेवलाय. अकरा_महिने, तुमचं वाचून मी आमच्या सहकाऱ्याशी बोलले. तो म्हणाला, त्या दिवसानंतर मी रोज संध्याकाळी एकटा जाऊन जुने एआयआर बघतो. मला हे माहीतच नव्हतं. आता दुपारी तीन ते चार तो आणि काका रॅकमध्ये असतात, काउंटर मी बघते. काका सांगतात, तो लिहितो. काकांना लिहायला लावणं हीच माझी चूक होती. रिकाम्या पानासमोर त्यांना काही सुचत नाही, पण कपाटाचं दार उघडलं की थांबत नाहीत.

१९३९च्या त्या खंडाला आता झेडमध्ये शेरा आहे: 'या खंडात फेडरल कोर्ट आणि प्रिव्ही कौन्सिल, दोन्ही भाग. कण्यावर फक्त फेडरल कोर्ट.' त्यात एक गंमतीची नव्हे, आनंदाची गोष्ट निघाली. फेडरल कोर्टाच्या भागातला पान १ वरचा निवाडा मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या पेट्रोलवरच्या विक्रीकराच्या कायद्याचा आहे, म्हणजे आपल्याच प्रांताचा. आमच्या एका प्राध्यापिका केंद्र-राज्य करांवर शिकवतात, त्यांना मूळ छापील पान दाखवलं तर त्या पुढच्या तासाला वर्गच घेऊन आल्या. काका दारात उभं राहून पाहत होते.

वही चाळताना असेच आणखी पाच खंड निघाले, ज्यांच्या कण्यावर एक आणि पोटात दोन. सगळे एकाच वेळच्या बाइंडिंगचे.

एम.पी.च्या कपाटाच्या १४ क्लिपा झाल्या, मांडवीकाठ, प्रत्येक तीन मिनिटांच्या आत. कपाटावरचा खडू पुसून आता पाटी लावली: 'विदर्भाचे १९६०पूर्वीचे कायदे. निर्लेखन करू नये.' पाटीचे शब्द काकांचे आहेत आणि एक्समधल्या शेऱ्यात त्यांचं नाव घातलंय. विभागप्रमुखांनी त्यावर सही करून दिली.

आता एक अडचण. या कपाटातले काही खंड इतके ठिसूळ झालेत की पानं सुटलीत, पुठ्ठा वेगळा, मजकूर वेगळा. त्यांना बारकोड आणि लेबल चिकटवायची माझी हिंमत होत नाही. काका सेलोटेप लावायला निघाले होते, मी थांबवलं, पण त्याऐवजी काय करायचं ते मलाही नक्की सांगता आलं नाही.


जुना_ग्रंथपाल

बरं केलंत थांबवलंत. सेलोटेप नको, गोंद नको, पानाला काहीही चिकटवू नका. टेप पिवळी पडते आणि निघताना अक्षरं घेऊन निघते. पांढरी सुती नाडी आणा, शिंप्याच्या दुकानात मिळते. पुठ्ठा, पानं सगळं क्रमानं जुळवून नाडी उभी-आडवी बांधा, गाठ वरच्या कडेला, पुठ्ठ्यावर नको, तिथं वळ उमटतो. बारकोड जाड कागदाच्या पट्टीवर लावा आणि पट्टी नाडीत ओवा. नाडी किती आवळायची ते काकांनाच ठरवू द्या, आणि बांधतानाची एक क्लिप घ्या.